ईआरमधली पेप्टाइडं एमएचसी २ ला का चिकटत नाहीत?

प्रश्न (पेशीवेडी):
प्रथिनांचे तुकडे (पेप्टाइडं) प्रतिकारशक्तीच्या टी पेशींना कसे दाखवले जातात, याचे पुस्तकात दोन सरळ रस्ते दाखवलेत. पेशीच्या आतली प्रथिनं प्रोटिएझोम या तोडणाऱ्या यंत्रात तुटतात, तुकडे टॅप या वाहक प्रथिनातून ईआरमध्ये (प्रथिनं घडवणाऱ्या पेशीतल्या जाळ्यात) येतात आणि एमएचसी १ या दाखवणाऱ्या रेणूवर बसून सीडी८ पेशींना (बाधित पेशी मारणाऱ्या टी पेशींना) दिसतात. बाहेरून गिळलेली एंडोसोममध्ये (गिळलेला माल नेणाऱ्या पिशवीत) तुटून एमएचसी २ वर, सीडी४ म्हणजे मदतनीस टी पेशींसाठी. पण एमएचसी २ सुद्धा ईआरमध्येच तयार होतं ना? मग समोर आलेलं पेप्टाइड ते तिथेच का उचलत नाही? परीक्षा तोंडावर आलीय आणि गाइडमध्ये यावर अवाक्षर नाही.

बाराखडी_बायो:
कारण एमएचसी २ ची पेप्टाइड बसायची खाच मोकळी नसते. रुमाल टाकून जागा धरावी तशी इनव्हेरिअंट चेन नावाचं प्रथिन तिच्यात आधीच बसलेलं असतं. हीच चेन रेणूला एंडोसोमकडेही नेते. तिथे कॅथेप्सिन एस वगैरे एन्झाइम्स तिला कुरतडतात आणि खाचेत फक्त क्लिप नावाचा तुकडा उरतो. तो काढतं एचएलए-डीएम हे प्रथिन. बरं, डीएम एवढ्यावर थांबत नाही. ढिलं बसलेलं पेप्टाइडही ते हुसकावतं, घट्ट बसणारं टिकतं. परीक्षेत हा मुद्दा लिहाच, बहुतेक जण क्लिपपाशीच थांबतात.

जुना_टीए:
पेप्टाइडची लांबीही बघा. एमएचसी १ ची खाच दोन्ही टोकांना बंद, म्हणून साधारण ८ ते १० अमिनो आम्लं. २ ची उघडी, त्यामुळे १३ ते २५ चं पेप्टाइड दोन्हीकडून बाहेर लोंबलं तरी चालतं.

पेशीवेडी:
आत्ता कळलं! पण विषाणू डेंड्रायटिक पेशीत (टी पेशींना पेप्टाइडं दाखवून जागं करणाऱ्या पेशीत) शिरलाच नाही, तर सीडी८ पेशींना पहिल्यांदा जागं कोण करतं?

बाराखडी_बायो:
डेंड्रायटिक पेशीच. इथे तुमचे सरळ रस्ते एकमेकांना छेदतात: क्रॉस-प्रेझेंटेशन. मेलेल्या बाधित पेशीचे अवशेष गिळायचे आणि त्यातली पेप्टाइडं एमएचसी १ वर मांडायची. सीडीसी१ प्रकारच्या डेंड्रायटिक पेशी यात तरबेज. गिळलेलं प्रथिन फॅगोसोम या पिशवीतून सायटोसोलमध्ये (पेशीतल्या द्रवात) निसटतं आणि प्रोटिएझोमच्या तावडीत सापडतं, किंवा सगळं काम त्या पिशवीतच उरकतं. कुठल्या वाटेचा वाटा किती, यावर अजून वाद आहेत.

हर्पिस सिम्प्लेक्सचं आयसीपी४७ हे प्रथिन बाधित पेशीतलं टॅपच बंद पाडतं. पण डेंड्रायटिक पेशीला लागणच झालेली नसेल, तर तिचं टॅप शाबूत असतं, म्हणून क्रॉस-प्रेझेंटेशन इथे कामाला येतं.