रॉक आणि रेकॉर्डिंग, दोन्हीला चालेल असा क्रॅश सिंबल सुचवा

लातूरहून प्रश्न:
आमचा चौघांचा बँड आहे. दोन गिटार, एक बेस आणि ड्रमवर मी. स्वतःची पाच मराठी गाणी बसवली आणि आता घरीच रेकॉर्ड करायलोत. क्रॅश (जोराच्या ठोक्याला वाजवायची धातूची थाळी) ड्रमच्या किटसोबत आलेलाच आहे, १६ इंची, पितळी. वाजवताना कधी एवढं जाणवलं नव्हतं, पण रेकॉर्डिंग ऐकलं आणि जीव खट्टू झाला. धृपदाला ठोका पडला की पातेल्यावरचं झाकण पडल्यासारखं खणकन होतं अन् शब्द झाकले जातात. १५ हजार जमवलेत. गॅदरिंगला, गणपतीत स्टेजवरही हाच न्यायचाय. एकच घेणं जमेल, कोणता घेऊ?

नांदेडहून:
भाऊ, कंपनी नंतर, आधी धातू बघा. घरात पितळी ताट आणि काशाची वाटी असेल तर दोन्हीला टिचकी मारा. ताट लवकर गप होतं, वाटीचा नाद रेंगाळतो. सिंबलचंही तसंच. स्वस्त किटमधले पितळेचे, म्हणजे तांबं आणि जस्त. त्यावरचा बी-८, म्हणजे ९२ टक्के तांबं आणि ८ टक्के कथील. बी-२० मध्ये ८० टक्के तांबं, २० टक्के कथील, म्हणजे जवळपास आपलं कासंच. भजनातल्या चांगल्या टाळांचा नाद आठवा.

माझं मत: १८ इंची, बी-२०, थिन (पातळ) नाहीतर मीडियम थिन (मध्यम पातळ). साबियन कंपनीचा एक्सएसआर बी-२० चा आहे, तो आधी ऐका. झिल्जनचा ‘एस’ बी-१२ चा, म्हणजे १२ टक्के कथील, तोही रॉकला छान. मायनलचा एचसीएस घेऊ नका, तो पितळेचाच आहे, फिरून तिथंच याल. मात्र बी-८ ला कमी लेखू नका. पाइस्टेची २००२ ही मालिका त्याच मिश्रधातूची आहे आणि १९७१ पासून रॉकमध्ये वाजतेय.

परभणीहून:
थिन स्टेजवर पुरणार नाही. आपल्याकडं गॅदरिंगला माइक लागतो किक आणि स्नेअर या ड्रमना, सिंबल उघडाच. समोर मोकळं मैदान. मी म्हणेन जाड घ्या, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल.

छत्रपती संभाजीनगरहून:
मी घरच्या खोलीत बँड रेकॉर्ड करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जाड क्रॅशचा सूर उंच असतो, तो हलायला जोरात मारावं लागतं आणि एकदा हलला की लवकर थांबत नाही. पातळ क्रॅश हलक्या ठोक्यातच फुलतो, खालच्या सुरात बोलतो आणि विरतो. रेकॉर्डिंगमध्ये हे विरणंच हवं असतं, त्याच्या मागून गाणाऱ्याचा आवाज येतो. आणि एक अडचण अशी की ओव्हरहेड, म्हणजे किटच्या वर लावलेल्या माइकमध्ये क्रॅश एकटा येत नाही, स्नेअर आणि टॉम हे ड्रमही येतात. क्रॅश फार चढला म्हणून तो माइक खाली घेतला की अख्खा किट खाली जातो. नंतर दुरुस्त होत नाही, हात आणि सिंबल इथंच ठरवावं लागतं.

स्टेजसाठी जाडीऐवजी आकार वाढवा. १६ पेक्षा १८ इंची मोठा वाजतो आणि सूरही खाली राहतो. परभणीकरांची अडचण खरी आहे, म्हणून अगदी थिन नको, मीडियम थिन बरा.

खोलीचंही बघा. पत्र्याचं छत किंवा नुसत्या भिंती असतील तर कोणताही सिंबल कर्कश वाटेल. ड्रमच्या मागं आणि वर गोधड्या टांगा, खाली सतरंजी. दोन्ही ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर ठेवा, दोरीनं मापून. हे फुकटचं काम आधी करा.

लातूरहून:
गोधड्या लावल्या, निम्मा खणखणाट गेला! जुन्यात एक १८ इंची बी-२० मिळतोय. घ्यावा का?

बीडहून:
डोळ्यांनी बघून घ्या. माझा असाच घेतलेला दोन महिन्यांत गेला, विकणाऱ्यानं काठाची चीर सांगितली नव्हती. काठावरून नख फिरवा, कुठं अडकलं तर सोडून द्या. उजेडासमोर धरून कातकामाच्या, म्हणजे सिंबलवरच्या गोल गोल बारीक रेषांतही चीर शोधा. मधलं भोक लांबट झालं असेल तर तो स्टँडवरच्या प्लास्टिकच्या नळीशिवाय वाजवलाय. काशाचं भांडं पडलं की तडकतं, पितळेच्याला नुसता पोचा पडतो. बी-२० ला तसाच जपा. वरचा नट आवळू नका, सिंबल मोकळा डोलला पाहिजे. थोडा आपल्याकडं कलता ठेवा आणि काठीच्या खांद्यानं तिरका, निसटता ठोका द्या. काठावर सरळ घाव घातला की तडा ठरलेला. आणि चकाकी आणायला चिंच किंवा भांड्याची पावडर नको, छापलेलं नाव निघून जातं.

नांदेडहून:
घ्यायच्या आधी तुमचेच हायहॅट (पायानं मिटायची सिंबलची जोडी) सोबत न्या आणि एकत्र वाजवा. मित्राला दहा-बारा फूट लांब उभं करून मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा. स्टुलावर बसून वेगळंच ऐकू येतं.

लातूरहून:
हैदराबादला जाऊन आलो. जुना सोडला, मधलं भोक लांबट झालं होतं. दुकानात तीन ऐकले, एक्सएसआर १८ इंची घेतला. बजेटच्या थोडं वर गेलं, बेसवाल्यानं भर घातली. काल धृपद पुन्हा घेतलं. ठोका पडतो, पसरतो आणि दुसऱ्या ओळीच्या आधी जागा करून देतो. शब्द ऐकू यायलेत. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आता जुन्या पितळीचं काय करू?

छत्रपती संभाजीनगरहून:
विकू नका. त्याच्यावर एखादा छोटा सिंबल उपडा ठेवून, नट जरा घट्ट करून वाजवा. आवाज आखूड होतो, कडव्याच्या तोडीला कामी येईल.