संवेदनशील त्वचा: रोज काय लावता, काय टाळता? अनुभव लिहा

ज्यांच्या त्वचेला पटकन काहीतरी होतं, म्हणजे साबण बदलला की चुरचुर, नवीन क्रीम लावलं की लाल, घाम आला की खाज, त्यांच्यासाठी हा धागा. जाहिरातीतली माहिती भरपूर मिळते पण घरातलं रोजचं कोणी लिहीत नाही, म्हणून रोज काय करता, काय पूर्ण बंद केलंत, डॉक्टर काय म्हणाले ते लिहा.

सुरुवात मी करते. तोंड धुतलं की माझा चेहरा ताणल्यासारखा व्हायचा आणि गालांवर कोरडे चट्टे यायचे. स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं की त्वचा मुळात थोडी आम्लधर्मी असते, पीएच साधारण 5 च्या आसपास, आणि नेहमीची साबणाची वडी 9-10 ची, त्यामुळे वरचा थर कोरडा पडत जातो. त्यांनी सिंडेट बार दिला, तो दिसतो साबणासारखाच पण साबण नसतो. चेहऱ्याला तो रात्री एकदाच, सकाळी नुसतं पाणी, मग साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि बाहेर जायचं असेल तर झिंक ऑक्साईडवालं सनस्क्रीन. टोनर, स्क्रब, सीरम सगळं बंद. चट्टे गेले, आणि कपाट पण रिकामं झालं!

*

माझा त्रास हातांचा. आमची घरगुती मेस आहे, रोज ढिगाने लसूण सोलायचा, भांडी घासायची. डाव्या हाताचा अंगठा आणि पहिल्या दोन बोटांची टोकं फाटून रक्त यायचं, उजवा हात मात्र बरा, आणि सगळे म्हणायचे थंडीमुळे आहे, व्हॅसलीन लाव. डॉक्टरांनी बोटं बघितल्या बघितल्या विचारलं, लसूण किती सोलता? म्हणजे उजव्या हातात सुरी असते, पाकळी डाव्या हाताच्या त्याच बोटांत धरली जाते, आणि लसणातल्या घटकाची ॲलर्जी नेमकी तिथेच उठते. आता लसूण मदतनीस मुलगी सोलते, तिला मी रोज हात धुऊन क्रीम लावायला लावतेच. भांड्यांना आत सुती मोजे आणि वर रबराचे, कारण नुसत्या रबरात घाम येऊन अजून चिघळतं. मेस चालवणाऱ्या, डबे करणाऱ्या बायकांनी हाताकडे दुर्लक्ष करू नका हो, हात गेला तर धंदा बसतो.

*

उटण्याबद्दल कोणी बोलेल म्हणून आधीच लिहिते. दिवाळीत एक दिवस लावणं वेगळं आणि रोज संत्र्याची साल, मुलतानी माती चेहऱ्यावर चोळणं वेगळं. त्यात आणखी लिंबू पिळून उन्हात जाल तर त्वचा भाजते आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात. घरगुती आहे म्हणजे सौम्य आहे असं नाही.

*

आमच्या वडिलांचं सांगतो, शेतकरी घर, सातारा जिल्हा. पापण्या सुजायच्या, मान आणि कोपराच्या आतल्या बाजूला जाड खरखरीत कातडी, रात्रभर खाजवायचे. कोणी म्हणे खताची पावडर, कोणी म्हणे पित्त, कोणी वांगं बंद करा, वांगं बंद केलं, शेंगदाणे बंद केले, बिचाऱ्यांनी दूध सुद्धा सोडलं. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ओळखलं, काँग्रेस गवत. हेच ते गाजर गवत, पांढऱ्या बारीक फुलांचं, 1955-56 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं आणि आता बांधावर, रस्त्याकडेला कुठे नाही ते सांगा. हातच लावायला लागतो असं नाही, वाळलेल्या गवताचा चुरा वाऱ्यावर उडून आला तरी उघड्या अंगावर बसतो, म्हणून पापण्या आणि मान आधी धरतात. आता ते स्वतः गवत उपटत नाहीत, आम्ही भाऊ फुलं यायच्या आत उपटतो, हातमोजे आणि फुल बाह्या घालून. शेतातून आल्यावर लगेच अंघोळ, कपडे वेगळे. फुलाच्या दिवसात त्यांचे कपडे घरातच वाळवतो कारण दोरीवरच्या कपड्यांवर पण ते बसतं. पूर्ण बरं नाही झालं, औषधं चालू आहेत, पण झोप लागते आता त्यांना. गावात अशी कितीतरी म्हातारी माणसं खाजवत बसलेली असतात आणि घरचे म्हणतात वयामुळे आहे. एकदा दाखवा तरी.

*

वरच्या दादांचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे आईच्या कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग आला होता, सगळे कोड आलं म्हणून घाबरलेले. टिकलीच्या गोंदात एक रसायन असतं त्याने काही जणींचा रंग जातो असं कळलं. टिकली पूर्ण बंद केली तेव्हा डाग वाढायचा थांबला आणि कडेने रंग यायला लागला. आईला कपाळ मोकळं ठेवणं फार जड गेलं, हे डॉक्टरांना नाही कळत पण आपल्याला कळतं. काकू-मावशांनो, टिकलीखाली खाज येत असेल तर तिथेच थांबा.

*

आम्ही टोरांटोत असतो, लेकीला बाळपणापासून एक्झिमा. इथे हिवाळ्यात हीटिंगने घरातली हवा इतकी कोरडी होते की गुडघ्यांच्या मागे भेगाच पडायच्या. आमचं ठरलेलं असं: कोमट पाण्याने छोटी अंघोळ, टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत जाडसर मलम. लोशनपेक्षा डबीतलं घट्ट मलम चांगलं, लोशनमध्ये पाणी जास्त. अनसेंटेड लिहिलेल्या वस्तूत पण वास झाकायला सुगंधी द्रव्य असू शकतं, फ्रेग्रन्स फ्रीच बघून घ्या. लोकरीच्या स्वेटरखाली सुती बनियन. सासूबाईंना डाळीच्या पिठाने अंघोळ घालायची फार इच्छा होती, मग त्यांच्याकडे खोबरेल तेलाचं काम दिलं, ते तिला मानवतं, आणि आजीच्या हातचं चोळून घेताना पोरगी खाजवायचं विसरते.

*

कळकळीने एक सांगायचंय. माझ्या मावसबहिणीला मेडिकलवाल्याने पिंपल आणि डागांसाठी ट्यूब दिली, आठवड्यात चेहरा चकाचक, म्हणून ती लावत राहिली. बंद केली की आग, लाली, पुरळ, परत लावली की शांत. त्यात स्टिरॉईड होतं. हळूहळू कातडी पातळ झाली, गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, लव वाढली. 2018 मध्ये सरकारने अशी बरीच स्टिरॉईड क्रीम्स शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय देताच येत नाहीत, तरी मिळतात. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. आणि आधीच लावत असाल तर एकदम फेकून पण देऊ नका, कसं कमी करायचं ते स्किनच्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या. स्टिरॉईड वाईट नाही, वरच्या बाळाच्या एक्झिमाला डॉक्टर मोजून देतात ते वेगळं. मेडिकलच्या काउंटरवर निदान होत नाही एवढंच.

*

देवगडकर. आंब्याच्या सीझनला ओठांच्या कडेला फोड येत असतील तर रस नव्हे, देठाचा चीक आणि साल बघा. देठ काढून चीक जाऊ द्या, आंबा पाण्यात ठेवा, धुवा, आणि साल चोखू नका. कापून खाल्लेला मला चालतो. बिब्ब्याची आणि काजूच्या टरफलाची तीच जात आहे, ज्यांना एकाचा त्रास त्यांनी बाकीच्यांनाही जपून.

*

धागा काढणारी परत आलेय. सगळ्यांचे मनापासून आभार. पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेला कशाची ॲलर्जी आहे ते शोधायची तपासणी, नेमकी कशी असते, कोणी केलीय का? बरेच जण घाबरतात.

*

मी केलीय ताई. सुया नसतात, दुखत नाही. पाठीवर छोट्या छोट्या कप्प्यांत वेगवेगळे पदार्थ भरून पट्ट्या चिकटवतात, साधारण 48 तासांनी काढतात, आणि एक-दोन दिवसांनी परत बोलावून बघतात कारण काही ॲलर्जी उशिरा उठतात. तोवर पाठ भिजवायची नाही, म्हणून मुंबईकरांनो मे महिन्यात करू नका, घामाने पट्ट्या सुटतात. मला निकेल धातूची ॲलर्जी निघाली, म्हणजे खोटे कानातले आणि जीन्सचं बटण, बेंबीजवळ चट्टा का येतो ते वर्षानुवर्षं कळत नव्हतं. आता आतून कापड शिवून घेतलंय. घरी नवीन क्रीम आणलं तर कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर रोज दोनदा, आठवडाभर लावून बघते. केसांच्या काळ्या डायचं मात्र असं रोज लावून बघू नका, पाकिटावर लिहिलेली चाचणी दर वेळी करा, आणि काळ्या मेंदीपासून लांबच राहा, दोन्हीत पीपीडी नावाचं ॲलर्जी उठवणारं रसायन असू शकतं. टेस्टला जाण्याआधी स्टिरॉईडच्या गोळ्या किंवा पाठीला मलम चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, नाहीतर निकाल चुकू शकतो.