माडीच्या जमिनीला ओक की साग?

या प्रश्नावर कुणीतरी ‘ओक सागापेक्षा कडक, तोच घ्या’ म्हटलंय. जांका चाचणीत (पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते मोजतात) ते खरंच आहे: पांढरा ओक १३६० पौंड, साग हजाराच्या आसपास. पण खुर्ची ओढल्याचा ओरखडा परवडला, फुगलेली फळी नाही. आमच्या साताऱ्याकडच्या मेढ्यात जुलैत काडेपेटीसुद्धा सादळते! मी मे महिन्यात ओकच्याच फळ्या भिंतीला भिडवून ठोकून घेतल्या (सुतार नको म्हणत होता); आषाढात मधोमध पापडासारख्या उचलल्या, दार उघडेना. साग अंगच्या तेलामुळे ओल कमी धरतो. जुन्या वाड्याच्या तुळया चिरून मिळाल्या तर उत्तमच, खिळे तेवढे आधी काढून घ्या. फळी चार इंचांपेक्षा रुंद नको. भिंतीलगत अर्धा इंच फट सोडा, स्कर्टिंगखाली (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) झाकली जाते.