‘सेल्फ हार्म’ला मराठीत काय म्हणता?

नीलकांती:
पालकसभेसाठी घडीपत्रक करतेय. मुलं स्वतःला इजा करून घेतात तेव्हा घरच्यांनी काय करावं, हा विषय. मी ‘आत्मक्लेश’ लिहिलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, “यात्रा काढायचीय की उपोषण?” ‘आत्मघात’ म्हटलं तर पालक थेट मरणावरच पोचणार. शब्द सुचवा, शुक्रवारी छपाईला द्यायचंय.

बोरूबहाद्दर:
मुख्याध्यापकांचं चूक नाही. 2013 मध्ये अजित पवार कराडला प्रीतिसंगमावर बसले, 2017 मध्ये राजू शेट्टी पुण्याहून मुंबईला चालत निघाले, दोन्ही वेळी शब्द आत्मक्लेशच होता. त्यात प्रायश्चित्त आलं, तेही चारचौघांत. ‘स्वक्षती’ घ्या. ‘महापौर’ रुळला की नाही? वापराल तर रुळेल.

कऱ्हाडकर_काका:
स्वक्षती म्हणजे विम्याचा फॉर्म भरतोय असं वाटतं. अहो, घरचा शब्द आहे की! त्रागा. आपण तो ‘जेवणावरून त्रागा केला’ एवढ्यावर आणून ठेवलाय. पूर्वी काठेवाडात भाट-चारण करारमदारांना जामीन राहत. कोणी शब्द मोडला की ते स्वतःच्याच अंगावर शस्त्र चालवत, म्हणजे रक्ताचं पाप मोडणाऱ्याच्या माथी. तो खरा त्रागा. हॉब्सन-जॉब्सन या इंग्रजांच्या जुन्या शब्दकोशात नोंद आहे, बघा.

वॉर्डातली:
काका, माहिती झकास, पण शब्द नेमका उलटा बसतो. त्रागा समोरच्याला दाखवायला असतो. आमच्याकडे येणारी मुलं मे महिन्यातसुद्धा फुल बाह्यांत असतात. कोणाला कळू नये हीच सगळी धडपड. ‘लक्ष वेधायला करते’ हे वाक्य आधीच घराघरांत आहे, त्याला तुमच्या शब्दाचं बळ नको. आत जे साठतं ते सोसेना की शरीराच्या दुखण्याने थोडा वेळ सुटल्यासारखं वाटतं. मग शरम, आणि शरमेपोटी पुन्हा तेच. बऱ्याचदा मरायचं नसतं. 2013 च्या डीएसएम-5 मध्येही (अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांची निदानपुस्तिका) ‘आत्महत्येचा हेतू नसलेली’ असं वेगळं नाव देऊन हा प्रकार पुढच्या अभ्यासासाठी मांडलाय. पण अशा मुलांना पुढे आत्महत्येचा धोका जास्त असतो. म्हणून ‘मरावंसं वाटतं का?’ हे सरळ विचारावं. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही.

नागपुरी_संत्रं:
आमची आजी म्हणायची, “जीवाचं बरंवाईट करून घेशीन.” यात दोन्ही मावतं. फक्त त्यातलं ‘बरं’ कशाला, ते मला आजवर कळलं नाही.

नीलकांती:
दोन्ही मावतं हीच तर अडचण आहे. हे सगळं सुरू कसं झालं ते सांगते. आठवीतली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, माझी मैत्रीण कटिंग करते.” मला वाटलं केसांचं. मी हसून म्हटलं, “शोभतंय का तिला?” ती “हो” म्हणाली आणि वही उचलून गेली. तीन आठवडे माझ्याकडे फिरकली नाही. मैत्रीण वगैरे कोणी नव्हतंच.

बोरूबहाद्दर:
वाईट वाटलं. तरीही विचारतो, म्हणून पोरांचा शब्द छापायचा का? पालकांना कटिंग म्हणजे अर्धा चहा. इंग्रजी शब्द आला की आपण हात टेकतो, हा माझा जुना मुद्दा.

शेवंता:
मी इथे फक्त वाचते, आज लिहिते. पंधरा वर्षांपूर्वी मी ती मुलगी होते. मावशीने देवीची शपथ घातली, “पुन्हा करणार नाही म्हण.” म्हटलं. शपथ मोडली, आणि मग करण्याबरोबर लपवणंही आलं. आईला यातला एकही शब्द येत नव्हता. एका रात्री ती कापूस आणि कोमट पाणी घेऊन मोरीच्या उंबऱ्यावर बसली, जखम पुसली आणि म्हणाली, “आज जास्त झालं का गं?” जखम की दिवस, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या आठवड्यात मी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले.

वॉर्डातली:
शेवंता, लिहिलंस ते बरं केलंस. नीलकांती, शीर्षकात नाम नकोच. ‘मूल स्वतःला इजा करून घेत असेल तर’ एवढं पुरे. शपथ घालू नका, बाह्या वर करायला लावू नका, हे ठळक छापा. खाली टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 द्या, मोफत आणि चोवीस तास.

नागपुरी_संत्रं:
पोलीस केस होते ना पण?

वॉर्डातली:
स्वतःला इजा करणं हा गुन्हा नाही. भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम 309 आत्महत्येच्या प्रयत्नासाठी होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते नाही. केसच्या भीतीने दवाखाना टाळू नये.

कऱ्हाडकर_काका:
शेवंताताई, नमस्कार. शब्द मागे घेतो. एक शंका राहतेच. पोतराज स्वतःला आसूड मारून घेतो, त्याला तुम्ही कशात धराल?

नागपुरी_संत्रं:
पोतराजाच्या हातात कोरडा असतो, काका. आसूड बैलाला.

बोरूबहाद्दर:
कोरडा हा हिंदीतला कोडाच असावा असं मला वाटतं. मधला ‘र’ कुठून आला, हा प्रश्न.

नीलकांती:
काका, दादा, शुक्रवार उद्या आहे.

कऱ्हाडकर_काका:
हो हो. पण ‘कोरडे ओढणे’ हे आमच्याकडेही आहे बरं का, आसूडालाच म्हणतात.