बाबांना गावाहून शहरात आणावं का? अनुभवी लोकांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबा ८० ला टेकलेत, गावी एकटेच राहतात. आई गेल्यापासून दादाचा एकच धोशा, "त्यांना इकडे आणूया." त्याचं चूक नाही. डॉक्टर लांब, घर जुनं, उंबरे उंच आणि न्हाणीघर मागच्या दारी.

मी कचरतेय ती सासऱ्यांकडे बघून. ते आमच्याकडे, शहरात. दवाखाना जवळ, तपासण्या वेळच्या वेळी. पण दुपारी लिफ्टचा आवाज आला की मान दाराकडे वळते आणि लिफ्ट वरच्या मजल्यावर निघून जाते. ऐकू कमी येतं, कानाचं यंत्र डबीत पडून. तिकडे बाबा ओसरीवर बसले की येणारा-जाणारा दोन शब्द बोलून जातो. सकाळी दार उघडलं नाही तर शेजारच्या काकू हाक मारतात.

डब्ल्यूएचओ-५ नावाची पाच प्रश्नांची चाचणी असते. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, असे साधे प्रश्न. २५ पैकी १३ पेक्षा कमी आले तर नैराश्यासाठी पुढची तपासणी करावी म्हणतात. दोघांकडून करून घेतली. बाबा आरामात वर, सासरे खाली. सासऱ्यांना डॉक्टरांकडे नेतेय, थायरॉइड आणि बी-१२ पण बघायचंय.

म्हणून गावात सगळं छान आहे असं नाही. त्या काकूच सत्तरीच्या पुढच्या आहेत. तरुण पोरं गेली. म्हातारी माणसंच म्हाताऱ्यांवर लक्ष ठेवून आहेत. हे किती वर्षं चालणार? शिवाय बाबांना हल्ली उठताना गरगरतं. फोनवर मात्र "मी ठणठणीत!" उभं राहिल्यावर तीन मिनिटांत बीपीचा वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर पडण्याचा धोका वाढतो, गोळ्यांचा डोस पुन्हा बघावा लागतो. पण मोजणार कोण?

ज्यांनी आईवडिलांना असं हलवलंय त्यांनी सांगा, नव्या जागी त्यांची स्वतःची माणसं जमली का, की तुमच्यावरच अवलंबून राहिले? आधी थोडे महिने राहून बघणं कोणाला जमलंय का? आणि गावीच ठेवलं असेल तर पडू नयेत म्हणून घरात नक्की काय बदललंत? धरायचे दांडे, रात्रीचे दिवे हे डोक्यात आहे. गळ्यात घालायचं धोक्याचं बटण म्हातारी माणसं खरंच घालतात का, की तेही खुंटीवर? आता आणायलाच हवं, हे तुम्हाला कशावरून कळलं?

कानाचं यंत्र वापरायला कोणी कसं राजी केलं तेही लिहा, तो आमच्याकडचा वेगळाच लढा आहे.

"स्मार्टफोन शिकवा" एवढं नका सुचवू. आहे त्यांच्याकडे. हवामान बघतात आणि ठेवून देतात.

दादा महिनाअखेरीस येतोय, त्याआधी उत्तरं मिळाली तर त्याच्याशी नीट बोलता येईल.