खाज नसताना दोन्ही कुशींवरचे केस जात असतील तर

तीन वर्षांची गिनीपिग मादी, खाजवत नाही, तरी दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होताहेत, असं तुम्ही लिहिलंय. वरच्या उत्तरांत बऱ्याच जणांना खरजेची शंका आली आहे. पण खरजेत गिनीपिग खाजवून खाजवून अक्षरशः बेजार होतो, कधी झटकेही येतात. मला अंडाशयातल्या सिस्टची, म्हणजे पाणी भरलेल्या गाठींची, शंका जास्त वाटते. या वयाच्या माद्यांत त्या खूप आढळतात. स्तनाग्रं मोठी झालीत का, त्यांवर खपली आहे का, बघा आणि सोनोग्राफी करून घ्या. कानामागचा उघडा भाग मात्र नैसर्गिक असतो, त्याची चिंता नको. आणि कळकळीने सांगते, निदान होईपर्यंत अंदाजाने आयव्हरमेक्टिन (खरजेवरचं औषध) देऊ नका. दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.