गरिमा मठातली शुभवर्तमानं: पाचवं शतक की अकरावं?

रेखाटणारी:
इथिओपियात अडवाजवळ अब्बा गरिमा मठ आहे, तिथल्या सचित्र शुभवर्तमानांबद्दल (येशूच्या चरित्राची बायबलमधली चार पुस्तकं) वाचतेय. माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात ती अकराव्या शतकाच्या आसपासची म्हटलीयत, नव्या लेखांत पाचवं-सहावं शतक. एवढा फरक पडतोच कसा? आणि अब्बा गरिमांनी एका दिवसात ग्रंथ लिहून काढला, देवाने त्यासाठी सूर्य मावळू दिला नाही, ही कथा कुणाची?

पोथीवाला:
कथा मठाचीच. इथिओपियात ख्रिस्ती धर्म पसरवणारे म्हणून जे ‘नऊ संत’ मानतात, त्यांपैकी गरिमा एक. एका दिवसाचं सोडा, पण काळाच्या बाबतीत मठवाल्यांचंच म्हणणं खऱ्याच्या जवळ निघालं.

चित्रांवरून आणि अक्षरावरून काळ ठरवायचा तर शेजारी ठेवायला तेवढंच जुनं गीझ (इथिओपियाची प्राचीन भाषा) हस्तलिखित हवं. ते नव्हतंच! बाकीची सगळी खूप नंतरची, म्हणून यांनाही तिकडेच ढकललं. मग ऑक्सफर्डला चर्मपत्राची कार्बन चाचणी झाली: एक ग्रंथ इ.स. ३९० ते ५७०, दुसरा ५३० ते ६६०.

मी जुन्या पोथ्या दुरुस्त करतो, त्यामुळे माझा जीव कॅनन सारण्यांवर. चौथ्या शतकातल्या युसेबिअस या बिशपने चारही शुभवर्तमानांच्या परिच्छेदांना क्रमांक देऊन कोणता प्रसंग कुठेकुठे येतो याच्या दहा सारण्या केल्या. इथे त्या रंगीत खांब-कमानींत बसवल्यात, वर पक्षी. खांबांच्या मधे गीझ अंकांच्या उभ्या ओळी, प्रत्येक अंकाच्या डोक्यावर नि पायाशी आडवी रेघ. लोक कमानी बघून पान उलटतात, पण खरं तर ती ग्रंथाची अनुक्रमणिका आहे.

शंकासुर:
कार्बनने कातड्याचं वय कळतं, शाईचं नाही. जुन्या कातड्यावर मागाहून लिहिलं नसेल कशावरून?

पोथीवाला:
रास्त शंका. जनावर कधी मेलं एवढंच चाचणी सांगते. पण एकेका ग्रंथाला तीनशेच्या वर पानं. इतकं महागाचं चर्मपत्र पाचशे वर्षं कोरं कोण ठेवेल? खरवडून पुन्हा लिहिलं तर खालच्या शाईची छटा सहसा राहतेच. शिवाय कमानींची धाटणी भूमध्य समुद्राकाठच्या त्याच काळातल्या कामाशी जुळते.

रेखाटणारी:
प्रत्यक्ष बघायला मिळतील का?

पोथीवाला:
मठात बायकांना प्रवेश नाही. पण विसाव्या शतकाच्या मध्याला बिट्रिस प्लेन ही इंग्रज चित्रकार गेली होती, तेव्हा साधूंनी ग्रंथ बाहेर आणून दाखवले होते. विचारून बघा.